वेलांटीचा आठवडा

आषाढी एकादशी, बैलांचा सण बेंदूर आणि गल्लीची त्र्यंबोली देवीची जत्रा एकाच आठवड्यात आली, की कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या कोणत्याही घरात अभ्यासाचे वेळापत्रक टिकणे अवघड असते. आमची चारही मुले शाळेत न जाता घरीच शिकतात. त्यामुळे सण, पाऊस, पाहुणे आणि नदीचे पाणी यांतले जे काही दारात येते, ते थेट आमच्या अभ्यासातच येऊन बसते. गेल्या आठवड्यात हे सगळे एकदम आले, आणि त्या गडबडीतच माझ्या हातून वर्षभर निसटलेली एक गोष्ट समोर आली. ती नीट लिहून ठेवावी, असे तेव्हापासून मनात आहे.

मुलांची खरी नावे देत नाही. घरातल्या हाकाच लिहिते. ताई १४ वर्षांची आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देण्याची तयारी करत आहे. तिथे किमान पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत एक तरी भाषा असावी लागते; तिने मराठी घेतली आहे आणि हट्टाने चित्रकलाही. दादा ११ वर्षांचा, सोन्या ७ वर्षांचा आणि चिमणी ४ वर्षांची. मुलांचे बाबा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कामाला आहेत. पहिली पाळी असली, की पहाटे त्यांचा डबा भरण्यापासून माझा दिवस सुरू होतो. सासूबाई आमच्याकडेच असतात. जुन्या घराच्या सोप्यात सतरंजी टाकून आम्ही साडेआठला बसतो. तिथून रस्ता दिसतो, आणि तो दिसू नये असे मला कधी वाटले नाही.

सोमवारची सुरुवात नदीने झाली. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या घराघरांत सकाळी पहिली विचारपूस होते ती राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याची. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या लहान मुलालाही तोंडपाठ असते. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले, त्यांच्यासाठी हे आकडे पुस्तकातले नाहीतच. कोणत्या आकड्याला पाणी जामदार क्लबपर्यंत येते आणि कोणत्या आकड्याला गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवायचे, हे सासूबाई न अडखळता सांगतात. दादाने यंदा पाण्याचा आलेख काढायला घेतला आहे. रोज सकाळ-संध्याकाळची पातळी लिहायची आणि आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचे, एवढेच काम त्याने स्वतःहून अंगावर घेतले होते.

सोमवारी सकाळी पातळी ३० फूट ९ इंच होती आणि संध्याकाळी ३० फूट ११ इंच. दादाने पहिली नोंद ३०.९ अशी केली, दुसरी ३०.११ अशी, आणि टिंबे जोडल्यावर रेघ खाली आली. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. बाहेर पाऊस कोसळत होता, घाटावरच्या पायऱ्या कधीच पाण्याखाली गेल्या होत्या, आणि त्याच्या आलेखात मात्र नदी उतरत होती. मी भाकरी थापत होते. जाऊन चूक सांगावी, असे हातापर्यंत आले होते. पण मी तव्यापाशीच थांबले, आणि थांबले ते बरे झाले. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "आई, फुटात इंच बारा असतात. मी दहा धरले." मग त्याने नवा कागद घेतला, एका फुटाला दहाऐवजी बारा घरे मोजली आणि सगळी टिंबे पुन्हा दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही ९ इंच म्हणजे फुटाचा पाऊण भाग, म्हणजे ०.७५, आणि ११ इंच म्हणजे साधारण ०.९२, हे करून पाहिले. दशांश अपूर्णांकाचे आमचे दोन आठवडे रखडलेले प्रकरण त्या एका उतरत्या रेघेने पुढे सरकले.

ताईला त्याच्या पुढचे गणित हवे होते. राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले, की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत सुटते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावते. तिने गुणाकार केला तेव्हा उत्तर सेकंदाला ४० हजार लिटरच्या वर गेले. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत येणारा टँकर १० हजार लिटरचा असतो. दर सेकंदाला चार टँकर, आणि तेही एका दरवाजातून, हे कळल्यावर दोघेही काही क्षण बोलले नाहीत. सोन्या शेजारीच बसला होता. तोही गप्प होता. पण तो नेहमीच गप्प असतो, म्हणून मी त्याच्याकडे वेगळे असे पाहिले नाही. हे वाक्य मला मुद्दाम लिहायचे होते.

मंगळवार तयारीत गेला. एकादशीला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून नंदवाळला दिंडी निघते आणि वाटेत पुईखडीला रिंगण होते. ताई आणि दादा दोघांनाही यंदा चालत जायचे होते. बाबांनी बुधवारची रजा काढली आणि सकाळी लवकर तिघे रेनकोट घालून बाहेर पडले. घरात मी, सासूबाई, सोन्या आणि चिमणी एवढीच माणसे उरली. इतकी शांतता आमच्या घरात क्वचितच असते.

साबुदाणा भिजलेला होता, रताळी उकडायला ठेवली होती, आणि सोप्यात सोन्या चिमणीला गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवत होता. हे पुस्तक ताईपासून चालत आलेले आहे. त्याची शिवण कधीच उसवली आहे आणि चिमणीने आदल्या दिवशी त्याची सगळी पाने जमिनीवर मांडून पुन्हा गोळा केली होती. सोन्या अतिशय सुरेख वाचत होता. ताई जिथे आवाज खाली आणते तिथे तोही आणत होता. ओळीखालून त्याचे बोट सरकत होते. मी रताळ्याची साले काढत त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आले, की त्याच्या बोटाखाली बैलाचे पान आहे आणि तो वाचतो आहे ते पावसाचे. पाने खालीवर झाली होती. त्याने पान उलटले. पुढे आले विहिरीचे पान, आणि त्याच्या तोंडून निघाला बैल. शब्द पुस्तकाच्या मूळ क्रमाने येत होते, अचूक, एकही न गाळता. समोरच्या कागदाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

सोन्या वाचत नव्हता. त्याला सगळे पाठ होते.

मी तिथेच खाली बसले. चिमणीला आजीकडे पाठवले आणि त्याला जवळ घेऊन, आवाज होता तसाच ठेवून, बैलाच्या पानावरचा एक शब्द दाखवला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मूल अक्षराकडे न पाहता आपल्या ओठांकडे पाहते, तेव्हा त्याला काय येत नाही हे आपल्याला कळते; आणि किती दिवसांपासून येत नाही, या विचाराने पोटात खड्डा पडतो. पाटीवर मी "घर", "नळ", "कमळ" लिहिले. ते त्याने वाचले. "काका", "पाणी" हेही सावकाश जमले. "दिवा" लिहिला आणि तो अडला. "विहीर" लिहिले तेव्हा त्याने पाटी बाजूला सारली.

अडचण कुठे आहे ते हळूहळू कळले. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि तिचा उच्चार मात्र अक्षराच्या नंतर करतो. डावीकडून उजवीकडे एकेक खूण धरून चालणाऱ्या मुलासाठी ही मोठी फसगत आहे, कारण डोळ्यांना आधी वेलांटी भेटते आणि तोंडाला आधी "द" म्हणावे लागते. दुसरी वेलांटी अक्षरानंतर येते, म्हणून "पाणी" त्याला जमले. रफाराचेही तसेच, किंबहुना उलटे: "सूर्य" म्हणताना र आधी येतो आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ताई आणि दादा यांनी हा अडसर केव्हा ओलांडला, हे मला कळलेही नव्हते. त्यांना ते आपोआप आले, म्हणून सगळ्यांनाच येते असे मी धरून चालले. सोन्याला ते आले नाही, आणि त्याने त्यावर स्वतःचा उपाय काढला. ऐकलेले एकदाच मनात साठवायचे आणि अडचण येईल तिथे ते पुढे करायचे. सात वर्षांच्या मुलाने एवढी पानेच्या पाने मनात धरून ठेवायची, याला किती कष्ट पडले असतील, हा विचार त्या दुपारी माझ्या मनातून जात नव्हता.

सासूबाईंना मी सगळे सांगितले. त्या माळ जपत होत्या, माळ न थांबवता म्हणाल्या, "महाराज असते तर तुला रुपाया दंड झाला असता."

कोल्हापुरात "महाराज" म्हटले, की कोण ते सांगावे लागत नाही. राजर्षींनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि जे आईबाप मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया ही काही लहान रक्कम नव्हती. आम्ही मुलांना घरी शिकवायचे ठरवले तेव्हाही सासूबाईंनी हाच विषय काढला होता, आणि तेव्हा मी त्यांना उत्तर दिले होते, की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्या मुलांसाठी ती सक्ती होती, आमची मुले तर घरात पुस्तकांत वाढत आहेत. ते उत्तर मला आता अपुरे वाटते. त्या दंडात महाराजांनी मुलाला जबाबदार धरलेले नाही. जबाबदार धरले आहे ते आईबापांना. शाळेतून मूल काढून घरी बसवणाऱ्या आईवर ती जबाबदारी दुप्पट होते, कारण शाळेत निदान गुरुजींच्या नजरेला तरी काही पडले असते. सासूबाईंचे बोलणे मला लागले, आणि ते लागायलाच हवे होते.

संध्याकाळी चिखलाने भरलेले पाय घेऊन तिघे परतले. रिंगणात घोडा कसा धावला, हे दादा हातवारे करून सांगत होता. मुले झोपल्यावर मी ताईशी बोलले. ती ऐकत राहिली आणि मग रडू लागली. "मीच त्याला वाचू दिलं नाही," ती म्हणाली. रोज रात्री धाकट्यांना वाचून दाखवते ती ताईच. सकाळी सोन्याला मी काही विचारले, की तो तोंड उघडायच्या आत उत्तर देणारीही तीच. मी तिला जवळ घेतले आणि स्पष्ट सांगितले, की यात तिची चूक नाही. धाकट्यांना वाचून दाखवण्याचे काम मीच तिच्यावर सोपवले आणि मग तिकडे पुन्हा वळून पाहिले नाही. मोठे भावंड धाकट्याला शिकवते, ही अनेक मुलांच्या घरातली फार चांगली गोष्ट आहे आणि ती मला सोडायची नाही. पण मोठ्याचा आवाज धाकट्यावर पांघरुणासारखा पसरतो आणि त्याच्याखाली कोण जागे आहे, कोण नाही, हे आईला दिसत नाही. चौघांत जो रडतो, भांडतो, प्रश्न विचारतो, त्याच्याकडे लक्ष आपोआप जाते. सोन्या यातले काहीच करत नाही.

गुरुवारपासून मी एक बदल केला. साडेआठला सतरंजी पडण्याआधीचा अर्धा तास सोन्याचा. त्या वेळी चिमणी आजीजवळ, दादा पाण्याच्या नोंदीला आणि ताई तिच्या विज्ञानाला. डबा, धुणे, फोन यांपैकी काहीही त्या अर्ध्या तासात येणार नाही. पहिल्या दिवशी तो माझ्या समोर अवघडून बसला. एकट्याने आईसमोर बसायची त्याला सवयच नव्हती, हेही मला तेव्हाच कळले.

शुक्रवारी बेंदूर होता. गंगावेशीतल्या कुंभार गल्लीतून आम्ही मातीची बैलजोडी आणली आणि सोन्याने तिथल्या आजोबांकडे ओल्या मातीचा गोळा मागितला. त्यांनी पैसे न घेता कागदात बांधून दिला. घरी पुरण शिजेपर्यंत आम्ही दोघांनी त्या मातीच्या वळ्या केल्या आणि त्यांच्या वेलांट्या वळल्या. पाटीवर खडूने मोठे "द" काढायचे. सोन्याने मातीची वेलांटी उचलून त्याच्या डावीकडे ठेवायची, पण ठेवताना तोंडाने म्हणायचे "द" आणि मग "इ". हाताने आधी आणि तोंडाने नंतर, हे त्याच्या अंगात बसेपर्यंत आम्ही ते करत राहिलो: दि, वि, मि, चि, नि. दहा-बारा वेळा चुकले. मग एकदा वेलांटी ठेवून तो थांबला, त्याने ती बोटाने हलकेच दाबली आणि म्हणाला, "ही आधी येऊन बसते, पण बोलते नंतर." मी त्याला ते असे सांगितले नव्हते, त्याचे त्यालाच ते दिसले. बैलांची पूजा झाली तेव्हा उरलेल्या दोन वेलांट्या त्याने बैलांसमोर ठेवल्या.

त्याच संध्याकाळी गल्लीची जत्रा निघाली. पंचगंगेचे नवे पाणी कलशात भरून डोक्यावर घेतलेल्या मुली, पुढे पिपाणी आणि ढोलाचा तो "पी ढबाक" ठेका, आणि सगळे टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीकडे. ताईच्या डोक्यावर यंदा पहिल्यांदा कलश होता. पाऊस तेवढा वेळ थांबला होता. शनिवारी सकाळी आम्ही करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तके बदलून आलो. १८५० मध्ये सुरू झालेल्या त्या ग्रंथालयाच्या कपाटांसमोर सोन्याला प्रथमच सांगितले, की पुस्तक तूच निवड, आणि त्याने सर्वांत पातळ पुस्तक निवडले. मी काही बोलले नाही. शनिवारचा बाकीचा दिवस कपडे वाळवण्यात, म्हणजे न वाळण्यात, गेला.

रविवारची कल्पना दादाची. "सोन्याला पुस्तक नको, पाट्या दाखवू या," असे म्हणून त्याने बाबांना तयार केले आणि आम्ही सगळे मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. दादाने घरूनच गावांची यादी करून आणली होती. पहिली वेलांटी असलेली गावे त्याने वेगळी काढली होती. फलाटांवर एसटी लागत होत्या, काचा पावसाने धूसर झाल्या होत्या, आणि दोघे भाऊ बाकड्यावर उभे राहून येणाऱ्या गाडीच्या कपाळावरची पाटी पाहत होते. ताईला मी आधीच सांगून ठेवले होते, आणि तिने खरोखरच ओठ घट्ट मिटून घेतले होते. मिरज पहिले आले. सोन्याने डोळे बारीक केले, उजव्या हाताचे बोट हवेत डावीकडे ठेवले आणि म्हणाला, "मि... र... ज." पाठोपाठ शिरोळ आले. इचलकरंजीला तो अडला, पण त्यात त्याची चूक नव्हती, तो शब्दच लांब आहे. निपाणी यायला फार वेळ लागला. गाडी वळून फलाटाला लागेपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मग एका दमात, मोठ्याने, आजूबाजूच्या प्रवाशांनी वळून पाहावे इतक्या मोठ्याने, त्याने "निपाणी" वाचले. "वाचलास भावा!" दादा म्हणाला. निपाणीत दोन्ही वेलांट्या आहेत, एक आधी बसलेली आणि एक नंतर. हे त्या क्षणी फक्त आम्हा सहा जणांनाच माहीत होते.

घरी आलो तेव्हा पाणी ३७ फुटांच्या वर गेले होते. दादाने टिंब दिले आणि ३९ वरची तांबडी रेघ किती घरे दूर आहे ते मोजून आजीला सांगितले. आजीने तांदळाचा डबा माळ्यावर ठेवायला लावला. तो ठेवून झाल्यावर त्यांनी सुई-दोरा काढला आणि गोष्टीच्या पुस्तकाची पाने नीट क्रमाने लावून मधोमध चार पक्के टाके घातले.

रात्री सोन्या चिमणीला घेऊन ते पुस्तक वाचायला बसला. आधी हेच पुस्तक तो पाच मिनिटांत संपवत असे. आज त्याने बैलाचे पान उघडले आणि बोट पहिल्या अक्षराखाली ठेवले. शब्द पाठ होता, तरी तो थांबून, अक्षर पाहून, मगच म्हणत होता. एका ओळीला इतका वेळ लागत होता, की दोन ओळींतच चिमणी त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपून गेली. ताई दाराशी उभी होती, ती पुढे झाली नाही. सोन्याने चिमणीकडे पाहिले, तिच्या अंगावर माझी शाल ओढली आणि तिसऱ्या ओळीखाली बोट नेले.